नावेचे नाव

मराठी भाषेने एक मोठी गंमत करून ठेविली आहे. तीत ‘नाव’ म्हणजे होडी, ‘नाव’ म्हणजे अभिधान, आणि ‘नावे ठेवणे’ म्हणजे दोष काढणे. तेव्हा नावेला नाव ठेवू पाहणाऱ्या गृहस्थाला लोकांनी नावे ठेविली, तर नवल ते काय! मुलाच्या बारशाला आत्या कानात कुर्र करून नाव सांगते. ते रुचले नाही तर घरात एखादे टोपणनाव रूढ करता येते. नावेची गोष्ट निराळी. तिचे नाव तिच्या अंगावर ठळक अक्षरांत रंगविले जाते, दप्तरात नोंदले जाते आणि बंदरोबंदरी अनोळखी माणसांकडून वाचले जाते. म्हणूनच नावेला चतुर अथवा विनोदी नाव देण्याचा मोह जितका मोठा, तितकाच त्यातील धोकाही.

हा मोह आजकालचा नव्हे. स्कॉटलंडात १८६९ साली एक शिडाचे जहाज बांधले गेले. त्याचे नाव ‘कटी सार्क’. म्हणजे शब्दशः ‘आखूड अंगरखा’. कवी बर्न्सच्या ‘टॅम ओ’ शँटर’ या काव्यातील एका तरुण चेटकिणीच्या अंगावर असा तोकडा अंगरखा आहे. तिचे नृत्य पाहून मद्यधुंद टॅम भान विसरतो, तिला त्या अंगरख्याच्या नावाने शाबासकी देऊन बसतो, आणि मग चेटकिणी त्याच्या पाठीस लागतात. पुलावरून पलीकडे गेल्यावर तो वाचतो. कारण वाहते पाणी ओलांडण्याचे सामर्थ्य चेटकिणीला नसते. साता समुद्रांपार जावयाच्या जहाजाला नाव मिळाले ते ओढासुद्धा ओलांडता न येणाऱ्या बाईच्या वस्त्राचे! तरीही चीनच्या चहाची आणि पुढे ऑस्ट्रेलियातील लोकरीची वाहतूक करून त्या जहाजाने कीर्ती मिळविली. आज ते लंडनमधील ग्रीनिच येथे जतन केलेले आहे, आणि त्याचे नाव ऐकून कोणी हसत नाही. जहाजाने केलेल्या कामाने नावातील थट्टा धुऊन काढली आणि मान तेवढा मागे ठेविला.

परंतु प्रत्येक थट्टेला इतके दिवस वाट पाहण्याची सवड मिळेलच असे नाही. समुद्रावर संकट कोसळले म्हणजे खलाशी रेडिओवर ‘मे-डे’ हा शब्द तीनदा उच्चारतो आणि पाठोपाठ आपल्या नावेचे नाव तीनदा सांगतो. वारा घोंगावत असतो, आवाज कापत असतो, ऐकणारा कदाचित परभाषी असतो. श्रोत्यांनी अशी कल्पना करावी की, एखाद्या हौशी मालकाने आपल्या होडीचे नाव ‘बुडाली रे बुडाली’ असे ठेविले आहे. बंदरावर त्या नावाने हशा पिकेल. पण तुफानाच्या रात्री ते ऐकणाऱ्याला ही हकीकत समजावी की नुसते नाव, याचा उलगडा कोणी करावा? नावेचे नाव डोळ्यांपेक्षा कानांसाठी असते, हा विनोदी मालकाने ध्यानात ठेवावयाचा पहिला धडा होय.

दुसरा धडा इंग्लंडातील एका प्रसंगाने साऱ्या जगाला शिकविला. तेथील निसर्गपर्यावरण संशोधन मंडळ दक्षिण व उत्तर ध्रुवांकडील संशोधनासाठी सुमारे २० कोटी पौंड खर्चून एक नवे जहाज बांधवीत होते. मार्च २०१६ मध्ये मंडळाने त्याच्या नावासाठी जनतेकडून सूचना मागविल्या. वेगवान धावपटू युसेन बोल्ट याच्या नावावर कोटी करून कोणी ‘युसेन बोट’ सुचविले, तर कोणी ‘येथे मरणाची थंडी आहे’ असे सरळ वाक्यच पाठविले. एका पूर्वाश्रमीच्या नभोवाणी-निवेदकाने सुचविले, ‘बोटी मॅकबोटफेस’. मराठीत म्हणावयाचे तर ‘होडीतोंडे घराण्यातील चिरंजीव होडोबा’. या बाळबोध थट्टेवर लोक इतके खूष झाले की, तिला १ लाख २४ हजारांवर मते पडली. निसर्गाचे विख्यात भाष्यकार सर डेव्हिड ॲटनबरो यांच्या नावाला पडली सुमारे ११ हजार.

आता मंडळापुढे पेच पडला. हेन्री वर्स्ली या धाडसी प्रवाशाचेही नाव यादीत वरच्या स्थानी होते. एकट्याने दक्षिण ध्रुवखंड पार करण्याच्या प्रयत्नानंतर त्याच वर्षी जानेवारीत त्याचा अंत झाला होता. ज्या बर्फाने माणसे गिळली आहेत, त्या बर्फात शास्त्रज्ञांना घेऊन जाणाऱ्या जहाजाच्या कपाळी ‘होडोबा’ लिहावे काय? जहाजावर गेलेल्या मुलाची अशुभ वार्ता एखाद्या घरी सांगण्याची वेळ आली, तर ती या नावानिशी कोणत्या तोंडाने सांगावी? उलटपक्षी, लोकांना विचारावयाचे आणि त्यांनी उत्तर दिले म्हणजे ते गुंडाळून ठेवावयाचे, हाही न्याय नव्हे. लोकमताची ही थट्टा त्या नावातील थट्टेहून कडू, असे पुष्कळांना वाटले.

अखेर मे २०१६ मध्ये, ॲटनबरो यांच्या नव्वदाव्या वाढदिवसाच्या दोन दिवस आधी, जहाजाला त्यांचे नाव देण्याचे जाहीर झाले. जनतेचे लाडके नाव मात्र टाकून दिले नाही. जहाजाच्या संशोधनसामग्रीतील एका पिवळ्या, मनुष्यविरहित, स्वयंचलित पाणबुडीला ते देण्यात आले. पार्लमेंटच्या विज्ञानविषयक समितीनेही या प्रकरणी मंडळाच्या अधिकाऱ्यांना प्रश्न विचारले. अंतिम निर्णय आपल्या हाती राहील, हे मंडळाने आधीच सांगितले होते हे खरे. परंतु अशा अटी लोक विसरतात आणि आपण दिलेला कौल तेवढा स्मरणात ठेवितात. गंभीर कामाचे बारसे जनतेच्या हवाली करावयाचे, तर कोणती नावे चालतील आणि कोणती चालणार नाहीत, ते पाळणा हलविण्यापूर्वीच स्पष्ट सांगितलेले बरे.

पुढे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. २०१७ साली ही होडोबा पाणबुडी दक्षिण महासागरात ऑर्कनी पॅसेज नावाच्या खोल सागरी दरीत उतरली. तिने आणलेल्या मापनांवरून शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये असे दाखविले की, त्या प्रदेशातील वारे प्रबळ होतात तेव्हा तळाशी प्रवाहांची घुसळण वाढते आणि मधल्या थरातील ऊबदार पाणी तळाच्या थंड पाण्यात मिसळते. समुद्रतळाचे पाणी का तापत आहे, या गहन प्रश्नाचा एक धागा असा त्या हास्यास्पद नावाच्या यंत्राने हाती दिला. थट्टेचे नाव माणसे नसलेल्या यंत्राला मिळाले, म्हणून ते कोणाच्या जिवावर बेतले नाही. आणि एरवी शास्त्रीय नियतकालिकात पडून राहिली असती अशी वार्ता त्या नावाच्या कुतूहलाने घरोघरी पोहोचली. विनोदाला योग्य जागा मिळाली की तो कामाला लागतो, तो असा.

याच्या उलट उदाहरण सिडनीचे. तेथे २०१७ साली एका नव्या प्रवासी होडीला ‘फेरी मॅकफेरीफेस’ हे नाव जाहीर झाले. इंग्लंडातील कोटीची ही नक्कल. ते नाव लोकांच्या पहिल्या पसंतीचे नव्हतेच, हे नंतर उघडकीस आले. आणि २०१८ साली ते पुसून तेथे बालसाहित्यिका मे गिब्ज यांचे नाव आले. पहिल्यांदा सांगितलेला विनोद पाहुण्यासारखा असतो. दुसऱ्यांदा आला की यजमान घड्याळाकडे पाहू लागतो.

मग चतुर नाव ठेवूच नये काय? तसे मुळीच नाही. नौदलाच्या ‘तारिणी’चे उदाहरण पाहावे. गोव्यात बांधलेल्या या शिडाच्या नौकेतून सहा महिला अधिकारी १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २१ मे २०१८ रोजी परतल्या. ‘तारिणी’ हे देवीचे नाव. आणि त्याचा अर्थ तारून नेणारी. देवीही तीच आणि नौकाही तीच. हा श्लेष हसवीत नाही, धीर देतो. कोकणच्या किनाऱ्यावरील कोळी आपल्या होडीवर ‘एकवीरा’ असे रंगवितो आणि नारळी पौर्णिमेला तिची पूजा करून ती पाण्यात लोटतो, तेव्हा त्यालाही दुसरे काही म्हणावयाचे नसते.

नावेला नाव शोधणाऱ्याने एवढेच करावे. मनात आलेले नाव रात्री दिवा मालवून, डोळे मिटून, तीनदा मोठ्याने उच्चारावे. पहिल्या खेपेस हसू आले तरी हरकत नाही. तिसऱ्या खेपेस, आपले माणूस त्या नावेत आहे असे मानून, ते नाव जिभेवर जड होत नसेल, तर ते खुशाल रंगवावे.