राष्ट्रपतींची निवड आणि लोकमत



पंचायतीपासून लोकसभेपर्यंत स्वतः मत देणाऱ्या नागरिकाला राष्ट्रपतींच्या निवडणुकीत मतपत्रिका मिळत नाही. मग ही पद्धती लोकशाहीची कशी, ही त्याची शंका रास्त आहे.

संविधान सभेतही ती उपस्थित झाली होती. प्रा. के. टी. शहा यांनी प्रौढ मतदानाने थेट निवडणूक व्हावी, असा आग्रह धरला होता. सभेने तो मानला नाही. आपल्या संसदीय पद्धतीत कारभाराची सत्ता लोकसभेला जबाबदार असलेल्या मंत्रिमंडळाकडे असते. साऱ्या देशाचा थेट कौल घेतलेला राष्ट्रपती त्या मंत्रिमंडळाचा प्रतिस्पर्धी ठरण्याचा धोका होता.

अप्रत्यक्ष म्हणजे जनतेविना नव्हे. अनुच्छेद ५४ प्रमाणे मतदानाचा हक्क निर्वाचित सदस्यांनाच आहे, नामनियुक्तांना नाही. आमदाराच्या मताचे मूल्य राज्याच्या लोकसंख्येवरून ठरते. गोव्याच्या आमदाराचे मूल्य २०, महाराष्ट्राच्या आमदाराचे १७५. यात गोव्याची उपेक्षा नाही. प्रत्येक आमदारामागे किती माणसे आहेत, त्याचाच हा हिशेब आहे. सर्व खासदारांचे एकूण मूल्यही सर्व आमदारांच्या एकूण मूल्याइतके राखले जाते. शिवाय विजयास निम्म्याहून अधिक मूल्य लागते. १९६९ साली पहिल्या पसंतीत ते कोणासही न मिळाल्याने दुसऱ्या पसंतीची मते मोजून श्री. व्ही. व्ही. गिरी विजयी झाले.

अमेरिकेत मात्र राष्ट्राध्यक्ष स्वतःच कारभार चालवतात. तेथे २००० आणि २०१६ साली देशभरात कमी मते मिळालेले उमेदवार निर्वाचक मंडळाच्या बळावर विजयी झाले. असा निकाल तेथे अधिक बोचतो, कारण प्रत्यक्ष सत्ताच त्यावर अवलंबून असते.

आपली पद्धतीही निर्दोष नाही. मतांची मूल्ये आजही १९७१ च्या जनगणनेवर आधारलेली आहेत. तसेच ३० मे १९८७ रोजी घटकराज्य होईपर्यंत गोव्याच्या खासदारांना मत होते, आमदारांना नव्हते. दिल्ली व पुदुच्चेरीच्या आमदारांसाठी १९९२ ची ७० वी घटनादुरुस्ती व्हावी लागली.

तेव्हा कसोटी थेट की अप्रत्यक्ष ही नाही. कोणी वगळले गेले आहे काय आणि प्रत्येकाचे वजन न्याय्य आहे काय, हे पाहावयाचे. आमदार निवडताना नागरिक राष्ट्रपतींचा एक मतदारही निवडत असतो, याचे भान ठेवणे त्याच्याच हाती आहे.