समुपदेशकाची ओळख

नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीचा वारसा सांगणाऱ्या जबलपुरातील मराठी घरांतून, जिथे देवघरात मराठी आणि कचेरीत हिंदी अशी राहणी पिढ्यानपिढ्या अंगवळणी पडली आहे, एखादा तरुण आपले समलिंगी आकर्षण उरात दडवून समुपदेशकासमोर बसतो, तेव्हा सांगून आलेली स्थळे, आजीचा हट्ट आणि नातलगांची कुजबुज यांचा खुलासा करण्यातच त्याचे अर्धे बळ खर्ची पडते. समुपदेशक स्वतः त्या वाटेने गेलेला असेल, तर तो “लग्नाचे काय?” असे न विचारता “तुमच्या जवळचे कोण?” एवढेच विचारतो, आणि मिटलेले ओठ उघडतात. याच जाणिवेतून मुंबईच्या मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह या संस्थेने २०१९ साली समुपदेशकांसाठी आरंभिलेल्या अभ्यासक्रमात अध्यापन करणारे स्वतः समलिंगी वा पारलिंगी व्यावसायिक आहेत.

मात्र समान अनुभव म्हणजे परवाना नव्हे; स्वतःची जखम समोरच्यावर लादली जाऊ नये, म्हणून ज्येष्ठांच्या देखरेखीची आवश्यकता उरतेच. शिवाय लहानशा मराठी वर्तुळात आपलाच माणूस समोर असल्याने गुप्ततेची धास्तीही वाटते, आणि ती रास्त आहे.

अशा तरुणाच्या पाठीशी कायदाही आहे: २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम लैंगिक कलावरून उपचारांत भेदभाव करण्यास मज्जाव करतो; २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कल ‘पालटण्याचे’ उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरविले. मदत हवी असल्यास टेली-मानस या मानसिक आरोग्यसेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक अहोरात्र, विनामूल्य उपलब्ध आहे.