छत उतरवण्याआधी
(मुरुड, जि. लातूर येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



पावसाळा आला की आपल्या गल्लीत एकच विषय असतो. कुणाचं माळवद गळतंय, कुणाचा पत्रा सडलाय. पाऊस उघडला की पैसे गोळा होतात, मिस्त्री ठरतो आणि माळवद उतरवून स्लॅब पडतो. ग्रामपंचायतीत मात्र कुणी जात नाही. "आपलंच घर, आपलीच जागा, परवानगी कशाला?" असं वडीलधारे म्हणतात.

आधी कायदा समजून घेऊ. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम ५२ प्रमाणे ग्रामपंचायतीच्या परवानगीशिवाय घर बांधता येत नाही आणि पुन्हा उभारताही येत नाही. सडलेला पत्रा काढून तसाच नवा टाकणं ही दुरुस्ती झाली. पण माळवद काढून स्लॅब टाकणं, उंची वाढवणं, वर खोली चढवणं ही नुसती दुरुस्ती राहत नाही. आजोबांच्या काळापासून निर्वेध उभं असलेलं घर अशा एका कामानं 'विनापरवाना बांधकाम' ठरू शकतं. तेव्हा शंका असेल तर काम सुरू करण्याआधी ग्रामपंचायतीला लेखी विचारा.

परवानगीमागे जिवाचंही कारण आहे, आणि ते आपल्या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात साडेसात हजारांहून अधिक माणसं गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवर माळवदाचा प्रचंड भार. भिंती फुटल्या आणि तो भार झोपलेल्या माणसांवर आला. आज आपण त्याच जुन्या भिंतींवर काँक्रीटचा स्लॅब ठेवतो. भिंत तो भार पेलेल का, हे मिस्त्रीच्या अंदाजावर सोडू नका. एखाद्या इंजिनिअरला घर दाखवा.

दुसरी बाब आजच्या काळाची आहे. मार्च २०२५ मध्ये नागपुरातल्या हिंसाचारानंतर महापालिकेनं एका आरोपीचं घर पाडलं. कारण दिलं, मंजूर नकाशा नाही. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं कारवाई थांबवली, पुढे आयुक्तांनी बिनशर्त माफीही मागितली. पण तोवर घर गेलं होतं. त्याआधीच, १३ नोव्हेंबर २०२४ रोजी, सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की केवळ कुणावर आरोप आहे म्हणून घर पाडता येणार नाही. पाडण्याआधी किमान १५ दिवसांची नोटीस हवी, म्हणणं मांडण्याची संधी हवी आणि अंतिम आदेशानंतरही १५ दिवस थांबायला हवं. रस्ता, फूटपाथ, रेल्वेमार्ग, नदी-नाल्यांवरच्या बांधकामांना मात्र हे संरक्षण नाही.

हा निकाल आपला हक्क आहे, तो पाठ ठेवा. पण त्या १५ दिवसांत हातात दाखवायला कागद लागतो. तो त्या वेळी तयार होत नाही.

मग काय करायचं? पहिलं, नमुना ८ चा उतारा काढा. ही सेवा लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली येते. बऱ्याच घरांत तो अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर असतो. वारस नोंद करून घ्या, आणि त्यात आई-बहिणींची नावं गाळू नका. शरीयतनं त्यांचा हिस्सा ठरवलेला आहे, देशाचा कायदाही तो मानतो. लक्षात ठेवा, नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. गावठाणाची मोजणी होऊन मिळकत पत्रिका तयार झाली असेल तर तीही घ्या.

दुसरं, उतारा, करपावती, कामाचा साधा नकाशा आणि जुन्या छताचे फोटो जोडून अर्ज द्या. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक, सही आणि शिक्का घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. परवानगी तोंडी नको, लेखी घ्या. कुणी "करा की, आम्ही आहोत" म्हणालं तरी पुढच्या निवडणुकीनंतर तो तिथे असेलच असं नाही.

तिसरं, घरकुलाच्या यादीत नाव आहे का ते आधी बघा. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये घर कच्चं की पक्कं हे भिंत आणि छत पाहून ठरतं. मूळ अनुदान १ लाख २० हजारांचं आहे. कर्ज काढून आधीच स्लॅब टाकला, तर हा हक्क हातचा जाऊ शकतो.

चौथं, शेजाऱ्याशी बोला. आपल्या स्लॅबचं पाणी त्याच्या भिंतीत मुरणार असेल तर ते भांडण पिढ्यान्‌पिढ्या चालतं. दीनमध्ये शेजाऱ्याचा हक्क किती मोठा आहे, ते तुम्हाला माहीत आहे.

कुरआनमधली सर्वांत मोठी आयत, सूरह बकरामधली २८२ वी, कर्जाचा व्यवहार लिहून ठेवायला आणि साक्षीदार घ्यायला सांगते. म्हणजे लिहून घेणं हा अविश्वास नव्हे. ही शिस्त आपल्याकडे आधीपासून आहे, ती ग्रामपंचायतीच्या दारापर्यंत न्यायची आहे.

या आठवड्यात प्रत्येकानं आपल्या घराचा उतारा काढावा आणि त्यावर कुणाचं नाव आहे ते वाचावं. ज्या शेजारणीला अर्ज लिहिता येत नाही, तिचा अर्ज तुम्ही लिहून द्या. पाऊस उघडायच्या आत हे झालं पाहिजे.