जहाजावरील बुफे आणि हातातला ट्रे

कोलकात्याच्या डमडम विमानतळावर उतरणारा प्रवासी विमानात ज्या ट्रेवर जेवलेला असतो, तो ट्रॉलीच्या खाचांत बसेल एवढ्याच मापाचा असतो आणि त्यावर काय व किती असावे, हे विमान उडण्यापूर्वीच जमिनीवरील स्वयंपाकघरात ठरलेले असते. मात्र हाच प्रवासी कोलकात्याहून नदीसफरीच्या जहाजावर किंवा मुंबईहून समुद्रावरील क्रूझवर चढला आणि तेथे बुफेच्या तोंडाशी ट्रेची चळत मांडलेली असली, की एक रिकामा, रुंद ट्रे त्याच्या हाती येतो व तो किती भरावा हे ठरवण्याचा भार सर्वस्वी त्याच्यावर पडतो. पहिला ट्रे जेवणाला मर्यादा घालतो, दुसरा ती उठवतो. प्रस्तुत भाषणाचा विषय हा दुसरा ट्रे होय.

बुफेतील ट्रेची अडचण पंगतीशी ताडून पाहिल्यास चटकन ध्यानात येते. पंगतीत जेवणारा बसून राहतो आणि अन्न त्याच्याकडे येते. पानाच्या डाव्या अंगाला मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजव्या अंगाला भाजी, मध्ये भाताची मूद अशी प्रत्येक पदार्थाची जागा ठरलेली असते, आणि जिलबीचे ताट घेऊन वाढपी पुन्हा येणार हे ठाऊक असल्यामुळे पहिल्याच वेळी सहा जिलब्या वाढून घेण्याची गरज कोणास वाटत नाही. (आग्रहाने वाढलेली सातवी जिलबी हा वेगळा विषय असून तिचे पाप यजमानाच्या माथी जाते.) बुफेत वाढपी नाहीसा होतो, तरी फेरी उरतेच, ती आता जेवणाऱ्याने स्वतःच्या पायांनी मारायची असते, आणि ट्रे नेमकी हीच फेरी वाचवतो. सूप, दोन भाज्या, पुलाव, केक आणि कापलेली फळे एकाच वेळी समोर येतात, म्हणजे एकट्या माणसाने चार पाने मांडून बसावे तसा प्रकार होतो. पहिला घास पोटात जाण्यापूर्वीच शेवटच्या घासाचा निर्णय डोळ्यांनी घेतलेला असतो.

हे नुसते अनुमान नव्हे. अमेरिकेतील शिक्षणसंस्थांच्या भोजनगृहांतून ट्रे काढून घेतल्यावर काय घडते, याची पाहणी अॅरामार्क या खानपान कंपनीने 2008 मध्ये 25 संस्थांत केली, तेव्हा माणशी वाया जाणारे अन्न 25 ते 30 टक्क्यांनी घटल्याचे दिसले. नॉर्वेतील हॉटेलांविषयी 2013 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास तर पंगतीच्या अधिकच जवळ जातो. तेथे काही ठिकाणी बशा लहान केल्या आणि काही ठिकाणी पुन्हापुन्हा वाढून घेण्यास यावे अशी पाटी लावली, आणि दोन्ही उपायांनी वाया जाणारे अन्न सुमारे 20 टक्क्यांनी कमी झाले. वाढपी परत येईल या भरवशाचे काम पाटीने केले. म्हणून सांगणे भाग आहे की प्रश्न खाणाऱ्याच्या हावरेपणाचा नसून हातातल्या ट्रेचा आहे.

जहाजावर याला आणखी एक बाजू येते. एक हात स्वतःसाठी आणि एक जहाजासाठी, म्हणजेच एक हात आधाराला सदैव मोकळा, असा खलाशांचा जुना नियम आहे, आणि भरलेला ट्रे दोन्ही हात अडवतो. वादळी हवेत भांडी घसरू नयेत म्हणून जहाजातील टेबलांच्या कडेला उंच पट्ट्या बसवण्याची पद्धत होती. त्यांना फिडल म्हणत. टेबलावरची बशी जेथे घसरते, तेथे गरम सूप ट्रेवर घेऊन कठड्याला न धरता चालणे हे धाडसच म्हणावे लागेल.

यावर आक्षेप असा की वृद्धांनी आणि कडेवर मूल असलेल्या आईने काय करावे. परंतु ज्याच्या एका हातात काठी आहे, त्याला ट्रे उचलताच येत नाही. त्याला हवा असतो तो वाढपी. ट्रे जहाजावर अवश्य असावा, पण तो सेवकाच्या हातात. हजारो प्रवाशांच्या जहाजावर पुन्हा रांगेत उभे राहण्याचा कंटाळा येतो हे खरे आहे आणि त्यासाठी काउंटरांची मांडणीच बदलावी लागेल. तो विषय या वेळेत मावणारा नाही. 13 जानेवारी 2023 रोजी वाराणसीहून दिब्रुगढकडे 51 दिवसांच्या प्रवासाला निघालेल्या गंगा विलाससारख्या नदीवरील जहाजात मात्र प्रवाशांची सोयच 36 जणांची आहे. एवढ्याशा भोजनगृहात दुसरी फेरी म्हणजे मोजकी पावले, तेव्हा तेथे रांगेची सबब चालणार नाही.

उष्ट्याचे पुढे काय होते, हे थोडक्यात सांगावे लागेल. जहाजांमुळे होणारे प्रदूषण रोखणाऱ्या मार्पोल या आंतरराष्ट्रीय करारानुसार, विशेष संरक्षित क्षेत्रे वगळता, बारीक दळलेले अन्न किनाऱ्यापासून किमान 3 सागरी मैलांवर आणि न दळलेले किमान 12 सागरी मैलांवर समुद्रात सोडता येते. नदीत ती मुभा गृहीत धरता येत नाही आणि ताटातले उरलेले सारे पुन्हा धक्क्यावर उतरवण्याचा प्रश्न उभा राहतो. स्वच्छतेचा, ओल्या ट्रेचा आणि नोरोव्हायरस या पोटाच्या संसर्गाचा मुद्दा वेळेअभावी राहून जात आहे, तरी बुफेपाशी हात धुणे सुटू नये एवढे श्रोत्यांनी जाणावे.

येत्या सुटीत जे श्रोते जहाजाने जातील, त्यांनी ट्रेच्या चळतीकडे हात न नेता एकच बशी घ्यावी, ती अर्धी भरावी आणि हवे तर तीनदा उठावे.