न पाहता पटणारी ओळख



वर्धा जिल्ह्यातून जाणाऱ्या हमरस्त्यांवर नवल वाटावे अशी एक गोष्ट रात्रंदिवस घडत असते. राष्ट्रीय महामार्ग 44 वर हिंगणघाट तालुक्यात दारोडा येथे पथकर नाका आहे, तसाच राष्ट्रीय महामार्ग 53 वर कारंजा (घाडगे) येथे आहे. मोटार नाक्यापाशी येते, गती थोडी मंदावते आणि आडवा दांडा आपोआप वर उचलला जातो. पैसे हातातून हातात जात नाहीत, तरी पथकर भरला जातो. रस्त्यालगतच्या गावांतील मुले हे दृश्य नेहमी पाहतात. त्यांतील एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, "गुरुजी, गाडी कोणाची हे त्या दांड्याला कसे कळते?" या प्रश्नाला "यंत्राला कळते" एवढेच सांगणे म्हणजे उत्तर टाळणे होय. प्रश्न साधा आहे आणि त्याचे उत्तरही पाचवी-सहावीच्या मुलांना समजेल इतके सोपे करता येते. ते कसे सांगावे व सांगताना कोणती गोष्ट विसरू नये, याचा विचार या भाषणात केला आहे.

पट्टीत काय असते?

मोटारीच्या समोरच्या काचेला आतल्या बाजूने कागदासारखी एक पातळ पट्टी चिकटविलेली असते. तिला फास्टॅग म्हणतात. तिच्यात मुख्यतः दोनच वस्तू असतात. एक म्हणजे मोहरीच्या दाण्याहूनही लहान अशी सिलिकॉनची चिप. दुसरी म्हणजे त्या चिपला जोडलेली धातूच्या अतिशय पातळ पत्र्याची नक्षी. हे त्या पट्टीचे एरियल होय. विजेचा सेल मात्र तिच्यात कोठेही नसतो. मुलांना खरे कोडे पडावयास हवे ते येथेच. सेल नाही, तर ही पट्टी बोलते कशाच्या बळावर?

नाक्यावर उंचावर एक पेटी बसविलेली असते. तिला वाचक-यंत्र म्हणावे. हे यंत्र सतत रेडिओ-लहरी सोडीत असते. भारतात या कामासाठी सेकंदाला 86 कोटी 50 लक्ष ते 86 कोटी 70 लक्ष कंपनांचा, म्हणजे 865 ते 867 मेगाहर्ट्झचा पट्टा वापरला जातो. या लहरीची लांबी सुमारे 35 सेंटिमीटर, म्हणजे वर्गातील एका फूटपट्टीहून थोडी अधिक भरते. लहर मोटारीच्या पट्टीवर पडली की एरियलमध्ये क्षीण वीजप्रवाह उत्पन्न होतो. त्याची शक्ती वॅटच्या काही दशलक्षांश भागाइतकीच असते. परंतु चिपला जागे करावयास तेवढा पुरतो. पुढे जे घडते ते अधिक मनोरंजक आहे. पट्टी स्वतःची लहर निर्माण करीत नाही. आलेली लहर ती कधी अधिक परावर्तित करते, तर कधी कमी. या कमीअधिकपणाच्या क्रमातून तिच्यात साठविलेला क्रमांक उमटतो. वाचक-यंत्र परत आलेल्या लहरीतील हा चढउतार टिपून घेते आणि क्रमांक वाचते. रेडिओ-लहरींच्या साहाय्याने ओळख पटविण्याच्या या पद्धतीस आर.एफ.आय.डी. असे संक्षिप्त नाव आहे.

आरशाचा खेळ

हे तत्त्व शिकविण्यास महागडे साहित्य लागत नाही. वर्गाची दारे-खिडक्या लावून थोडा अंधार करावा. शिक्षकाने विजेरी घेऊन एका टोकास उभे राहावे. दुसऱ्या टोकास एका विद्यार्थ्याच्या हाती लहान आरसा व एक पाटी द्यावी. विजेरीचा झोत आरशावर पडून शिक्षकाकडे परत येईल असा कोन साधावा. मग विद्यार्थ्याने आरसा पाटीने झाकावा व उघडावा. उघडा म्हणजे एक आणि झाकलेला म्हणजे शून्य, असा संकेत आधीच ठरवावा. "उघडा, झाकलेला, उघडा" असा क्रम आला तर तो 101, म्हणजे द्विमान पद्धतीतील 5 होय. इतर मुलांनी भिंतीवरील कवडसा पाहून अंक लिहावयाचा.

खेळ रंगात आला की शिक्षकाने हळूच विजेरी बंद करावी. आरसा तत्काळ मुका होतो. मुलाजवळ दिवा नव्हता. त्याने परक्याच्या प्रकाशावर स्वतःचा क्रमांक लिहून परत पाठविला होता. फास्टॅगची पट्टीही नेमके हेच करते. हाताने केलेल्या कृतीतून ज्ञान द्यावे हा विचार 1937 साली वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून देशभर गेला. त्या जिल्ह्यातील शिक्षकांस या खेळाचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

कल्पनेचा प्रवास

ही कल्पना एका दिवसात किंवा एका देशात जन्मलेली नाही. जगदीशचंद्र बोस यांनी 1895 साली कलकत्त्यास रेडिओ-लहरी भिंतीतून पार नेऊन पलीकडील घंटा वाजवून दाखविली. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यावर विमान दिसे, परंतु ते मित्राचे की शत्रूचे हे कळत नसे. म्हणून आपल्या विमानांत, लहर येताच ठराविक उत्तर देणारे उपकरण बसविण्यात आले. 1948 साली हॅरी स्टॉकमन यांनी परावर्तित शक्तीच्या साहाय्याने संदेश पाठविण्याविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात आजच्या पट्टीचे बीज दिसते. मात्र त्या काळी चिप नव्हती. बीज रुजावयास पुढे काही दशके जावी लागली.

भारतात 2010 साली नंदन नीलेकणी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पथकरासाठी सेल नसलेली पट्टी वापरण्याची शिफारस केली. स्वस्त व दीर्घकाळ टिकणारी वस्तूच या देशात घरोघर पोहोचू शकते, हे त्या निवडीमागील सूत्र सहज उमजते. फेब्रुवारी 2021 च्या मध्यापासून राष्ट्रीय महामार्गांवर ही पट्टी आवश्यक झाली. 15 नोव्हेंबर 2025 पासून, चालू पट्टी नसलेल्या वाहनास रोख पैसे दिल्यास दुप्पट व यूपीआयने दिल्यास सव्वापट पथकर, असा नियम लागू झाला. त्या नियमानुसार पथकर 100 रुपये असेल तर एकास 200 व दुसऱ्यास 125 रुपये पडत. पट, सव्वापट व शेकडेवारी शिकविताना हे उदाहरण मुलांच्या चांगले लक्षात राहील.

जिल्ह्यातून गेलेल्या समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला, तर 5 जून 2025 रोजी सारा 701 किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. येळाकेळी किंवा विरुळ येथून मोटार या मार्गावर चढते तेव्हा तिचा क्रमांक वाचला जातो आणि उतरते तेव्हा पुन्हा वाचला जातो. दोन ठिकाणांमधील अंतर काढून त्यावर कर आकारला जातो. वजाबाकी व गुणाकार एवढेच त्यातील गणित आहे.

क्रमांक पट्टीत, हिशेब वहीत

पट्टीत पैसे असतात असा अनेकांचा समज आहे. तो खरा नाही. पट्टीत असतो तो केवळ क्रमांक. मोटार कोणाची व खात्यात शिल्लक किती, हे बँकेच्या दप्तरी असते. शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीचेही असेच आहे. विद्यार्थ्याचा अनुक्रमांक सांगितला तर परक्यास त्यातून काहीच बोध होत नाही. नोंदवही उघडली म्हणजे नाव, जन्मतारीख, आईवडील सर्व समोर येते. म्हणून क्रमांक जपण्यापेक्षाही नोंदवही कोणाच्या हाती आहे याची काळजी अधिक घ्यावी लागते.

सर्वच पट्ट्या एका जातीच्या नसतात. ग्रंथालयातील पुस्तकास लावलेली किंवा नागपूर मेट्रोच्या कार्डातील चिप 13.56 मेगाहर्ट्झवर चालते व ती वाचक-यंत्राच्या अगदी जवळ न्यावी लागते. तेथे लहरींच्या परावर्तनाऐवजी एका वेटोळ्यातून दुसऱ्या वेटोळ्यात वीज प्रवर्तित होते. रोहित्रात घडते तेच येथे लहान प्रमाणात घडते. जनावरांच्या कातडीखाली घालावयाच्या काचेच्या बारीक नळीत याहूनही मंद, 134.2 किलोहर्ट्झची कंपने वापरतात, कारण शरीरातील पाण्यातून ती सहज पार जातात. फास्टॅगच्या जलद लहरींना पाणी शोषून घेते व धातू परतवून लावतो. म्हणूनच ती पट्टी मोटारीच्या पत्र्यावर न लावता काचेवर लावतात.

येथे एक फरक मुलांना अवश्य दाखवावा. कारंजा-आर्वी भागातील गवळाऊ गाईंच्या कानात पिवळा बिल्ला दिसतो व त्यावर बारा अंकी क्रमांक असतो. हा बिल्ला सहसा रेडिओचा नसतो. त्यावरील अंक डोळ्यांनी किंवा रेघांचे चित्र यंत्राने पाहूनच वाचावे लागतात. चिखल लागला तर तो वाचता येत नाही. रेडिओच्या पट्टीस मात्र दृष्टीची गरज नसते. दोन्हींचे काम एकच, ओळख पटविणे, साधन निराळे. जे काम साध्या बिल्ल्याने भागते तेथे महाग साधन आणण्यात शहाणपण नाही.

ठावठिकाणा कळणे व राखण करणे

बोर व्याघ्र प्रकल्पाचे नाव जिल्ह्यातील प्रत्येक मुलास ठाऊक असते. वाघाच्या गळ्यातील रेडिओ-पट्टा फास्टॅगहून भिन्न आहे. त्यात सेल असतो व तो स्वतः लहरी सोडतो. आरशाच्या खेळात मुलाच्या हाती आरशाऐवजी पेटती विजेरी द्यावी तसा. 2017 साली ब्रह्मपुरी भागात पकडलेली एक वाघीण असा पट्टा घालून बोरच्या जंगलात सोडण्यात आली. ती कोठे फिरते हे पट्ट्यावरून कळत होते. तरी तिच्याकडून माणसे दगावली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेच्या धक्क्याने ती स्वतःही मेली. ठावठिकाणा कळला म्हणून ना माणसे वाचली, ना वाघीण. माहिती मिळणे ही राखणीची पहिली पायरी असेल. ती राखण नव्हे.

ही गोष्ट शिक्षकाच्या कामास अगदी जवळची आहे. काही शाळांत विद्यार्थ्यांच्या गळ्यात अशी चिप असलेले ओळखपत्र घालतात. मूल दारातून आत आले की हजेरी लागते. वेळ वाचतो व पालकांस संदेश जातो, हा त्याचा लाभ नाकारण्याचे कारण नाही. तथापि यंत्राने वाचले ते ओळखपत्र, मूल नव्हे. एका मुलाने मित्राचे ओळखपत्र दप्तरात घालून आणले तर यंत्र दोघांनाही हजर समजते. मूल आले, परंतु उपाशी आले. आले, परंतु तापाने फणफणत आले. आले, परंतु कापूसवेचणीच्या दिवसांत पहाटेपासून शेतात राबून आले. हे कोणत्याही लहरीवर उमटत नाही. शिक्षक नाव उच्चारतो व मूल "हजर" म्हणते, त्या एका शब्दातील स्वरावरून जाणत्या शिक्षकास हे सारे कळते.

दुसरीही एक जबाबदारी आहे. 2017 साली सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. 2023 साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला; त्यात अठरा वर्षांखालील मुलांची माहिती हाताळण्यास पालकांच्या पडताळण्याजोग्या संमतीची अट घातली आहे. शैक्षणिक संस्थांना नियमांत काही सवलत असली तरी त्यामागील हेतू विसरता येत नाही. मूल किती वाजता कोठे होते याची नोंद होत असेल, तर ती कोण ठेवतो, किती दिवस ठेवतो व कोणास दाखवितो, हे पालक-सभेत स्पष्ट सांगितले गेले पाहिजे. सह्यांचा कागद फिरविणे म्हणजे संमती नव्हे. पालकांस वाचता येत नसेल तर ते वाचून दाखवावे व त्यांच्या शंका ऐकून घ्याव्यात.

वर्गात करावयाचे काम

हा पाठ दोन तासिकांत पुरा होऊ शकतो. पहिल्या तासिकेस आरशाचा खेळ घ्यावा. दुसऱ्या तासिकेस फळ्यावर उदाहरण द्यावे: मोटार ताशी 20 किलोमीटर गतीने येत आहे, वाचक-यंत्राचा पल्ला 6 मीटर धरला तर ती किती वेळ पल्ल्यात राहील? 20,000 मीटरला 3,600 सेकंदांनी भागले की सेकंदास सुमारे साडेपाच मीटर येतात. म्हणजे वेळ एक सेकंदाहून किंचित अधिक. लहरीस तेच 6 मीटर जाण्यास सेकंदाचा पाच कोटींवा भाग लागतो. यंत्रास घाई का करावी लागत नाही, हे मुलांना यावरून कळेल. मग मुलांनी गावात दिसणाऱ्या ओळखीच्या खुणांची यादी करावी: बैलाच्या शिंगांचा रंग, कापसाच्या गाठीवरील शिक्का, शिधापत्रिकेचा क्रमांक, गाईच्या कानातील बिल्ला, मोटारीची पट्टी. प्रत्येकापुढे दोन प्रश्न लिहावे: ही खूण कोण वाचतो? आणि वाचून काय करतो?

पहिल्या प्रश्नाने विज्ञान शिकविले जाईल, दुसऱ्याने नागरिकत्व. नाक्यावरचा दांडा वर जाताना पाहून आज मुले केवळ थक्क होतात. तो का उचलला गेला हे त्यांना सांगता यावे आणि आपला क्रमांक कोणी मागितला तर "कशासाठी?" असे निर्भयपणे विचारता यावे, एवढे साधले तरी या पाठाचे सार्थक झाले.