देवनारचा न मांडलेला हिशेब



मुंबई महापालिकेच्या अंदाजपत्रकात देवनारच्या कचराभूमीवरील खर्च सापडतो. तिची किंमत मात्र तेथे सापडत नाही. १९२७ सालापासून या शहराने आपला केर खाडीकाठच्या दलदलीत नेऊन टाकला. तीनशे एकरांहून अधिक जागा, तीही प्रतिष्ठितांच्या वस्तीपासून दूर; म्हणून ती स्वस्त मानली गेली. पुढे सत्तरच्या दशकात, शहरात इतरत्र उठवलेल्या झोपडीवासीयांना याच ढिगाऱ्याच्या पायथ्याशी, गोवंडीच्या शिवाजीनगरात, जागा आखून देण्यात आल्या. ‘लोक कचऱ्याशेजारी राहायला गेलेच कशाला?’ असे विचारणारे सुशिक्षित हे सोयीस्करपणे विसरतात, की त्यांना तेथे नेऊन बसवले ते शासनयंत्रणेनेच.

कामाची रीत सोपी होती. गाडी रिकामी करायची, बुलडोझरने ढीग पसरायचा, त्यावर पुढचा थर चढवायचा. तळाला अस्तर नाही, म्हणून कुजलेले काळे पाणी खाडीकडे झिरपते. ओले-सुके एकत्र, म्हणून ढिगाच्या पोटात मिथेन साठतो आणि पेटतो. २००० सालच्या केंद्रीय नियमांनी वर्गीकरण सक्तीचे केले. प्रत्यक्षात काच, पत्रा, प्लास्टिक निवडून काढण्याचे काम कचरावेचक स्त्रिया आणि मुलेच करीत राहिली. त्यांच्या श्रमाने पालिकेचा वाहतुकीचा आणि जागेचा खर्च वाचला. पण हजेरीपटावर त्यांचे नाव कधी आले नाही. जानेवारी २०१६ मध्ये देवनार पेटले आणि दिवसचे दिवस धुमसत राहिले. धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला. त्यानंतर पहारा कडक झाला आणि पहिली बंदी आली ती या वेचकांवर!

त्याच वर्षी २९ फेब्रुवारीला मुंबई उच्च न्यायालयाने कचऱ्याची शास्त्रीय व्यवस्था होईपर्यंत शहरातील नव्या बांधकामांना मनाई केली. तेव्हा कोठे कचरा हा बांधकाम व्यावसायिकांच्याही चिंतेचा विषय झाला. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मनाई सशर्त शिथिल केली. इमारती पुन्हा चढू लागल्या. ढीग जागच्या जागी राहिला. ज्या ‘एम पूर्व’ विभागात तो आहे, तो पालिकेच्याच २००९ च्या मानव विकास अहवालात शहरात तळाला होता. दरडोई उत्पन्नाच्या सरासरीत हे दिसत नाही, हा सरासरीचा जुनाच गुण.

२०२४ साली राज्य शासनाने याच कचराभूमीतील १२४ एकर जागा धारावी पुनर्विकास प्रकल्पातील घरांसाठी देण्याचे ठरवले. मोक्याच्या जमिनीवरून उठवलेल्यांना पुन्हा देवनारच दाखवले जात आहे. जुना कचरा उपसण्याचा खर्च महापालिकेच्या, म्हणजे करदात्यांच्या, माथी आहे. मोकळ्या होणाऱ्या धारावीच्या जमिनीचे मोल कोणाच्या खात्यात जमा होणार, हा प्रश्न कार्यकर्त्यांनी प्रभागसभेत, आकडे हाती घेऊन, विचारला पाहिजे.