हप्ता थांबला, पत्रे सुरू झाली

आमचे वैशाखरे मुरबाडच्या पुढे, नाणेघाटाच्या पायथ्याशी. घाटमाथ्यावर एक दगडी रांजण आहे. सातवाहनांच्या काळी व्यापारी त्यात जकातीची नाणी टाकत, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. नाणे टाकायचे, बैल हाकायचे, संपला व्यवहार. आजचा रांजण आपल्या बँकखात्यालाच जोडलेला असतो आणि ठरल्या तारखेला न विचारता नाणे काढून घेतो. पूर्वी त्याला ईसीएस म्हणत, मग एनएसीएच आले. आमच्याकडे लोक सरळ 'नाच' म्हणतात. कवी म्हणून मला तो शब्द फार आवडतो.

गावात इंग्रजी पत्र आले की ते माझ्या ओटीवर येते. कवी म्हणून नव्हे, बी.ए. झालेला म्हणून. मध्यंतरी शेजारच्या वहिनी एक पाकीट घेऊन आल्या. मुलाला मोबाइलवरची शिकवणी लावली होती. दोन महिन्यांत त्याने ती सोडली. वहिनींनी शिकवणीवाल्यांना फोन करून 'बंद करा' म्हणून सांगितले आणि बँकेत हप्ता थांबवण्याचा अर्ज दिला. हप्ता थांबला, पत्रे सुरू झाली. पहिले गोड, दुसरे कोरडे, तिसरे दिल्लीच्या वकिलाचे. त्यात ठळक अक्षरांत अटकेचा उल्लेख.

"भाई, पोलीस खरंच येतील का?" त्यांनी विचारले. घरात अजून कोणाला सांगितले नव्हते.

पत्राची भाषा मी बारकाईने पाहिली. 'होईल' असे कुठेच नव्हते, सगळीकडे 'होऊ शकते'. मग बाकीचे कागद काढले. शिकवणी घेताना मोबाइलवर आलेला आकडा सांगून वहिनींनी जी संमती दिली, ती एका कर्ज कंपनीच्या करारावर होती. कंपनीने वर्षाची फी शिकवणीवाल्यांना एकरकमी देऊन टाकली होती. वहिनी ज्याला फीचा हप्ता समजत होत्या, तो कर्जाचा हप्ता होता. १८७५ साली सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले. हा रोखा जाळायचा तरी कसा? तो कंपनीच्या संगणकात.

मेख इथेच आहे. हप्ता थांबवायला बँकेला सांगणे हा आपला हक्क, पण त्याने करार संपत नाही. आयुर्विम्याचा हप्ता थांबला तर पॉलिसी बंद पडते, वसुलीला कोणी येत नाही. कर्जाचे तसे नाही. तिथे व्याज वाढते आणि थकबाकीची नोंद सिबिलसारख्या संस्थेकडे जाते. म्हणून अर्ज दोन करावेत, ज्याच्याशी करार त्याला आधी, मग बँकेला. आणि दोन्हींची पोच घ्यावी.

धमकीत खरे किती? पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ याच्या कलम २५ नुसार खात्यात पुरेसे पैसे नसल्याने हप्ता परत गेला, तर चेक न वटल्यासारखाच तो गुन्हा ठरू शकतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, रकमेच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. तेव्हा पत्र चुलीत घालू नये. पण तिथेही आधी लेखी नोटीस, मग पैसे भरायला १५ दिवस, त्यानंतर कोर्टात तक्रार. खरी नोटीस आली तर दिवस मोजावेत आणि वकील गाठावा. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडून स्त्रियांना मोफत वकील मिळतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करू नयेत, नातेवाइकांना त्रास देऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावले. वहिनींना रात्री साडेनऊला फोन येत. त्यांच्या भावालाही गेले. आम्ही प्रत्येक फोनची वेळ वहीत लिहू लागलो. दहा दिवसांत वहीचे पान भरले.

उत्तर आम्ही मराठीतच लिहिले. कराराची प्रत द्या, खात्याचा उतारा द्या, शिकवणी बंद करण्याच्या विनंतीचे काय केले ते कळवा, यापुढे जे बोलायचे ते लेखी बोला. सोबत वहीच्या पानाची झेरॉक्स. स्पीड पोस्टाची पावती वहिनींनी पासबुकात ठेवली. ३० दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ, हेही शेवटी लिहिले. तिथे तक्रारीला फी नाही.

सव्विसाव्या दिवशी उत्तर आले. न वापरलेल्या महिन्यांची रक्कम शिकवणीवाल्यांकडून परत घेऊन कर्ज बंद करतो, राहिलेला एक हप्ता भरा. वहिनींनी तो भरला, यावेळी बँकेत स्वतः जाऊन. 'देणे बाकी नाही' हा दाखला मात्र अजून यायचा आहे. सिबिलची नोंद दुरुस्त करून घ्यायला तो लागेल; दुसरे पत्र कालच टाकले आहे.